बाळ लवकर आले, की त्याला लवकर आणले गेले?



१४ एप्रिल चार दिवसांवर आली होती. आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा दर आणि निळ्या फेट्यांचा हिशेब चालला होता. रात्री साडेदहाला मधेच एक मेसेज पडला. आपल्याच एका कार्यकर्त्याने टाकलेला. त्याची धाकटी बहीण ऊसतोडीचा हंगाम संपवून टोळीबरोबर परतत होती, वाटेतच कळा सुरू झाल्या आणि ती बाळंत झाली. "बाळ ३१ आठवड्यांचं आहे, वजन १३०० ग्रॅम. काचेत ठेवलंय. सरकारीत जागा नाही म्हणाले म्हणून खाजगीत आणलंय. दिवसाचे आठ हजार मागतात. जमेल तेवढी मदत करा."

मदत आली, नाही असे नाही. पण पैशांच्या अगोदर उत्तरे आली. एकाने हात जोडलेले चित्र टाकले. दुसऱ्याने लिहिले, "आठव्यातलं बाळ जगत नाही म्हणतात, सातव्यातलं तरी जगतं." तिसरा म्हणाला, "पोरीनं काळजी घ्यायला पाहिजे होती." आणि चौथा, जो तालुक्यात चांगला वक्ता म्हणून ओळखला जातो, त्याने लिहिले, "भाऊ, ग्रुपवर फक्त चळवळीचे विषय टाका."

हा लेख त्या चौथ्यासाठी आहे. दुसऱ्या-तिसऱ्यालाही त्यात उत्तर मिळेल.

आधी विषय नीट समजून घेऊ, कारण आपल्यात यावर बोलणारे कमी आणि सल्ला देणारे जास्त. पूर्ण दिवसांचे गरोदरपण साधारण ४० आठवड्यांचे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ जन्मले तर ते अपुऱ्या दिवसांचे. ३२ च्या आधीचे असेल तर जोखीम बरीच वाढते, २८ च्या आधीचे असेल तर फारच. कमी वजनाचे बाळ आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडीच किलोच्या आत वजन असलेले बाळ दिवस पूर्ण भरलेलेही असू शकते, पोटात उपाशी वाढलेले. दोघांना निगा वेगळी लागते. म्हणून दिवस मोजलेले असणे महत्त्वाचे. ते मोजायचे तर पाळीची तारीख नोंदलेली हवी आणि पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी झालेली हवी. वरच्या मेसेजमधला '३१ आठवडे' हा आकडा डॉक्टरांनी जन्मलेल्या बाळाची त्वचा, तळपाय, कान पाहून काढलेला अंदाज होता. ऑक्टोबरात टोळी गेली तेव्हा त्या पोरीला नुकतेच दिवस गेले होते. सगळे गरोदरपण फडात गेले. गावच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव नाही कारण ती गावात नव्हती, आणि जिथे होती तिथल्या वहीत नाही कारण ती तिथली नव्हती.

आता ते 'आठव्यातले जगत नाही' प्रकरण. जो एक आठवडा जास्त पोटात राहिला त्याची फुप्फुसे एका आठवड्याने जास्त तयार झाली, इतका हा साधा हिशेब आहे. आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता जास्तच असते. हा समज किती आयांच्या पदरी पडला असेल याचा विचार करा. बाळ आठव्यात आले, घरच्यांनी मनाने सोडून दिले, दवाखान्याची गाडी बोलावली नाही, बाळ गेले, आणि समज खरा ठरला! धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतही पाचव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. सटवाई येऊन नशीब लिहिणार म्हणून. दारावर २२ प्रतिज्ञांची फ्रेम आणि आत सटवाईचा पाट.

बाळाला अडचण काय येते? सर्वांत आधी श्वास. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक साबणासारखा निसरडा थर असतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो थर नसेल तर श्वास सोडला की फुगे एकमेकांना चिकटून मिटतात आणि पुढच्या श्वासाला बाळाला सगळा जोर लावून ते पुन्हा उघडावे लागतात. बाळ कण्हते, बरगड्या आत ओढल्या जातात, ओठ निळे पडतात. हा थर साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा तयार होतो.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या थोडे वर, म्हणजे आपल्या मेसेजमधल्या बाळापेक्षा कितीतरी अंगाने भरलेला. जगातला सर्वांत सत्ताधारी बाप, हवे ते डॉक्टर हात जोडून उभे. बाळ ३९ तासांत गेले, याच फुप्फुसाच्या आजाराने. कारण त्या वेळी आजाराचे कारण नुकतेच, १९५९ मध्ये, कळले होते, इलाज नव्हता. आज इलाज आहे. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात आणि बाळाची फुप्फुसे पोटातच लवकर पिकतात. हे औषध अत्यंत स्वस्त आहे. त्याचा शोध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवस नीट मोजलेले असतील आणि जन्मानंतर निगा मिळणार असेल तर ते बाळांचे जीव वाचवते. २०१४ पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपकेंद्रातल्या नर्सबाईसुद्धा पुढे पाठवण्याआधी पहिला डोस देऊ शकतात. केनेडीचे बाळ ज्ञान नव्हते म्हणून गेले. आपली बाळे ज्ञान सरकारी कपाटात असताना जातात. फरक नीट लक्षात घ्या, कारण सगळा वाद इथेच आहे.

श्वासानंतर ऊब. या बाळांच्या अंगावर चरबी नसते, त्वचा पातळ असते, बाळ झपाट्याने गार पडते. गार पडलेले बाळ दूध ओढत नाही, रक्तातली साखर उतरते, श्वास मधेच थांबतो. ३४ आठवड्यांच्या आधी चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही, म्हणून नळीने किंवा वाटी-चमच्याने आईचेच दूध द्यावे लागते. वरचे दूध आतड्यांना झेपत नाही, आतडे सडण्याचा एक भयंकर आजार होतो. त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. जंतुसंसर्ग लवकर होतो, कावीळ वाढते. फार आधी आलेल्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि त्यातून काहींना पुढे हातपाय आखडणे, ऐकण्यात, शिकण्यात अडचणी येतात.

आणि डोळे. याबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये जवळजवळ कुणालाच माहीत नाही म्हणून थोडे थांबून सांगतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. त्यात प्राणवायू जास्त आणि बेहिशेबी दिला गेला तर त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढतात. अमेरिकेचा कृष्णवर्णीय गायक स्टीव्ही वंडर असाच आंधळा झाला. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची पहिली डोळे तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान असेल तर त्याहून लवकर. वेळेत कळले तर लेझरने दृष्टी वाचते. वेळ गेली की परत येत नाही. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख इंग्रजीत एका ओळीत लिहिलेली असते आणि ती आईला कुणी वाचून दाखवत नाही.

हे सगळे घाबरवायला लिहिलेले नाही. नीट निगा मिळालेली बहुतेक मुले चांगली वाढतात, शाळेत जातात, भांडतात. शेजारणी म्हणतात, "सहा महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही नीट." अहो, नऊ आठवडे आधी आलेल्या बाळाचे सहा महिने म्हणजे वाढीच्या हिशेबाने चारच. पहिली दोन वर्षे वाढ मोजताना असे दुरुस्त केलेले वय धरायचे असते. लस मात्र जन्मतारखेनेच द्यायची, पुढे ढकलायची नाही.

आता येऊ तिसऱ्या भावाकडे. "पोरीनं काळजी घ्यायला पाहिजे होती."

काळजी म्हणजे नेमके काय घ्यायचे असते हो? पहाटे चारला फडात उतरायचे. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल दोघांच्या नावावर घेतलेली. तिने एक दिवस बसून घेतले तर खाडा, मजुरी गेलीच, वर दंड. पाचटाच्या कोपीत राहायचे, संडास नाही. लघवीला जायला लागू नये म्हणून बाई दिवसभर पाणी पीत नाही. पाणी न पिल्याने आणि लघवी दाबून धरल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो संसर्ग हे वेळेआधी कळा सुरू होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे! रक्त कमी, तेही एक कारण. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२.२ टक्के असे छापले आहे. रक्तदाब वाढलेला, पण मोजणारे कुणी नाही. अठराच्या आत लग्न लावलेले, कारण जोडी असल्याशिवाय कोयता मिळत नाही. दोन बाळंतपणांत अंतर नाही. यातली 'काळजी' कुठली तिच्या हातात होती, ते त्या भावाने सांगावे. याच बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढल्याचे २०१९ मध्ये शासनाच्या समितीसमोर आले. पाळीचा खाडा नको म्हणून गर्भाशयच काढून टाकणाऱ्या धंद्यात गर्भातल्या बाळाचे आठवडे कोण मोजणार?

एक गोष्ट आपल्या पदरातलीही सांगतो, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांवर बोट ठेवतो असे व्हायचे. मिश्री. आपल्या वस्त्यांतल्या आया-आज्या सकाळी मिश्री लावल्याशिवाय कामाला लागत नाहीत. भूक मरते म्हणून लावतात हेही खरे. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्री आणि तंबाखू लावणाऱ्या आयांची बाळे कमी वजनाची आणि लवकर जन्मण्याचे प्रमाण जास्त दिसले. यासाठी कुठल्या मनूला दोष देता येणार नाही. घरात बोलावे लागेल. पण बोलताना दोषी ठरवून नव्हे, कारण बऱ्याच वेळा नेमके कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, आणि काचेबाहेर उभी असलेली आई आधीच स्वतःला खात असते.

"मग जातीचा काय संबंध? गरिबीचा म्हणा," असे आपल्यातलेही काही विचारतात. दलित पँथरचे नाव आपण अभिमानाने घेतो. १९७२ मध्ये ते नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. तर त्याच अमेरिकेत पाहा. काळ्या स्त्रियांची बाळे अपुऱ्या दिवसांत जन्मण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या साधारण दीडपट आहे, आणि शिकलेल्या, पगारदार काळ्या स्त्रियांमध्येही ही दरी भरून निघत नाही. तिथल्या काही शहाण्यांनी म्हटले, वंशातच काहीतरी असेल. मग रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडला. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या स्त्रियांच्या बाळांची वजने अमेरिकन गोऱ्या स्त्रियांच्या बाळांच्या जवळ जाणारी होती. कमी होती ती अमेरिकेत जन्मलेल्या, वाढलेल्या काळ्या स्त्रियांच्या बाळांची. रक्त तेच. फरक आयुष्यभर वंशभेदाच्या समाजात जगण्याचा. रोजचा अपमान, रोजची धास्ती शरीरात साठते, रक्तदाबात उतरते, आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. आपल्याकडे जातीवर असा अभ्यास करायला किती प्राध्यापक पुढे आले? सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत अनुसूचित जाती-जमातींमधला अर्भक मृत्युदर 'इतर' या रकान्यापेक्षा ठळकपणे जास्त आहे. आकडा छापून येतो, त्यावर अग्रलेख येत नाही.

आणि पँथरचे नाव घेतलेच आहे तर पुरते घेऊ. ब्लॅक पँथर बंदुका घेऊन फोटो काढणाऱ्यांची संघटना एवढेच आपल्याला माहीत. त्यांनी वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवले, पोरांना सकाळचा नाश्ता दिला, काळ्यांमध्ये आढळणाऱ्या सिकलसेलची तपासणी घरोघरी नेली. सिकलसेल आपल्या विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी घरांतही आहे, आणि सिकलसेल असलेल्या आईचे बाळ लवकर येण्याचा धोका जास्त असतो. आपण त्यांचे नाव घेतले, दवाखाने घेतले नाहीत.

चौथ्या भावासाठी आता बाबासाहेब. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर चर्चा होती. गिरण्यांतल्या कामगार स्त्रीला बाळंतपणाआधी आणि नंतर पगारी विश्रांती द्यावी की नाही, हा वाद. बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे आणि खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. महाडच्या सत्याग्रहानंतर वर्ष-सव्वा वर्षातली ही गोष्ट आहे. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला आणि सभागृहाने तो हाणून पाडला. दोन बाळंतपणांत अंतर हवे हे सांगणारा माणूस तेव्हा अश्लील ठरत होता. १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती बाबासाहेबांनीच मांडली. आता सांगा भाऊ, बाळंतपणाआधीची विश्रांती हा चळवळीचा विषय आहे की नाही?

पुढे काय झाले तेही बघा. १९६१ चा केंद्रीय कायदा आला, २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली. टाळ्या वाजल्या. ही रजा कुणाला? दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत जिचे नाव हजेरीपटावर आहे तिला. ऊस कारखान्याच्या कुठल्या हजेरीपटावर कोयत्याचे नाव आहे? कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी कोण, मीही मजूरच. साखर मात्र कारखान्याची. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये देण्याचे वचन आहे. मातृवंदना योजना काढली तेव्हा ते झाले ५०००, तेही पहिल्या बाळापुरते. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६०००, मुलगा झाला तर काही नाही. संसदेने केलेला कायदा सरकारी योजनेने कापला, आणि आपण एकही मोर्चा काढला नाही.

मोठी माणसे या काळात काय करतात? शहरात 'गर्भसंस्कारा'चे वर्ग भरतात. मंत्र ऐकवा, तेजस्वी, गोरी, बुद्धिमान संतती मिळवा. दोन-दोन तास आरामखुर्चीत बसून श्लोक ऐकणाऱ्या बाईला खरा लाभ श्लोकांचा होत नाही, आरामखुर्चीचा होतो! तो लाभ मोळी वाहणारीला द्या, बघा बाळ किती आठवडे पोटात थांबते ते. आणि याच वर्गात मुहूर्त काढून सिझेरियन करण्याचे खूळ आहे. वैद्यकीय कारण नसताना ३७ व्या-३८ व्या आठवड्यात पोट कापून बाळ काढले तर ३९ आठवड्यांच्या बाळापेक्षा श्वासाचा त्रास होण्याचा धोका जास्त. ज्योतिषी म्हणतो नक्षत्र चांगले आहे. फुप्फुसाला नक्षत्र कळत नाही. हे लोण आता आपल्यातल्या नोकरदार घरांतही शिरते आहे म्हणून बोललो.

सरकारी दवाखान्याचे म्हणाल तर ९ जानेवारी २०२१ ची पहाट आठवा. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली, १० बाळे गेली. काचेत ठेवलेली, कमी वजनाची, कमी दिवसांची बाळे आणि त्यांच्या मजूर आया. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतली १२ नवजात. औषधे, मनुष्यबळ, खाटा यांवर प्रश्न विचारले गेले. व्यवस्थेचे उत्तर काय होते? सत्ताधारी पक्षाचा एक खासदार तिथे गेला आणि त्याने आदिवासी समाजातून आलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवावा लागला. म्हणजे बाळे मेली याचा जाब विचारायची पद्धतसुद्धा मनूचीच. त्या झाडूने एकही खाट वाढली नाही.

"हे लोक उशिरा येतात," असे आमच्या सिव्हिलमधले एक डॉक्टर मला म्हणाले होते. मी विचारले, "साहेब, कोपीपासून तुमच्यापर्यंत किती किलोमीटर, कुठल्या वाहनाने, आणि त्या दिवसाचा खाडा कोण भरणार?" ते गप्प बसले. माणूस वाईट नव्हता. एका वॉर्मरवर तीन बाळे ठेवून तो रात्र काढत होता.

इलाजही फार महाग नाही. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या म्हणून एदगार रे या डॉक्टरांनी बाळे आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून बांधली, कांगारूसारखी. गरिबीतून निघालेली ही युक्ती आज जगाची पद्धत झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, जन्मानंतर लगेच असे धरलेल्या बाळांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तशी आहे. बापानेही धरता येते, आजीनेही. आणि आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत थोड्या शिकलेल्या गावच्याच बायकांना प्रशिक्षण दिले. ऊब, दूध, श्वास, जंतुसंसर्ग, घरी जाऊन बघायचे. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ मध्ये ते जगाने वाचले. आशाताई आज घरी येऊन बाळ बघतात त्याचे मूळ तिथे आहे. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईकडे ४२ दिवसांत सहा भेटी. तुमच्या वस्तीत सहा होतात का? आणि त्या आशाताईला मोबदला वेळेवर मिळतो का? दुसरा प्रश्न न विचारता पहिला विचारू नका.

जगात २०२० साली १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांत जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात, जगात सर्वांत जास्त. पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंचे हे जगातले पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. रमाईच्या पाच लेकरांतली चार गेली, त्या दुःखावर आपण जयंतीत गाणी लावतो आणि डोळे पुसतो. डीजे बंद करा असे मी म्हणत नाही, तो वाद दुसऱ्या लेखात घातला आहे.

आम्ही तीन दिवसांत पैसे गोळा केले, चौथ्या दिवशी शेजारच्या जिल्ह्याच्या सरकारी कक्षात जागा मिळाली. आजारी नवजाताचे उपचार आणि गाडी तिथे मोफत असतात, २०११ पासून, हे आम्हाला पहिल्या रात्री माहीत असते तर बरेच पैसे वाचले असते. १०२ आणि १०८ हे दोन नंबर आणि जवळच्या तीन नवजात कक्षांचे फोन आता ग्रुपच्या वर्णनात टाकले आहेत. पोरीला नावनोंदणीचे कार्ड मिळवून दिले. टोळ्या जायच्या आधी, सप्टेंबरात, वस्तीतल्या प्रत्येक जाणाऱ्या बाईची रक्त-लघवी तपासणी आणि दिवस मोजलेले कार्ड, आणि मुकादमाकडून गरोदर बाईला मोळीचे काम देणार नाही असे लेखी, या दोन मागण्या घेऊन तहसीलवर जायचे ठरते आहे. साखर आयुक्तालयाला निवेदनाचा मसुदा तयार आहे, ज्यांना हवा त्यांनी मागवा.

बाळ सध्या १६५० ग्रॅमचे आहे. आई आणि मामा आळीपाळीने छातीवर धरतात. मामा म्हणजे तोच कार्यकर्ता, सुरुवातीला लाजत होता. डोळ्यांची तपासणी येत्या मंगळवारी आहे, ९० किलोमीटरवर. गाडी लागेल. ज्यांच्याकडे असेल त्यांनी सोमवारी रात्रीपर्यंत कळवावे. चौथ्या भावाने कळवले आहे.

जय भीम!